त्याग की टाळाटाळ? (गीता, अध्याय 18, श्लोक 8)



आजचा श्लोक वाचला आणि डोळ्यांसमोर आला तो आमचा बॉयलर. हसू नका, सांगतो.

इथे लेस्टरमध्ये बहुतेक घरांत कॉम्बी बॉयलर असतो. आपला गीझर आणि घर उबदार ठेवणारे रेडिएटर, दोन्हींचं काम भिंतीवरची एकच पेटी करते. वेगळी टाकी नाही. नळ सोडला की पाणी तिथल्या तिथे तापतं. आमचा 2006 सालचा. अशा बॉयलरचं आयुष्य साधारण 10 ते 15 वर्षं धरतात. दोन वर्षं त्याचा दाब सारखा उतरायचा. काटा 1 बारच्या खाली गेला की मी व्हॉल्व्ह उघडून पाणी भरायचो, झालं! "चालतंय ना? मग नवीन कशाला?" वर मनातून वाटायचं, वा, किती अपरिग्रही आहोत आपण!

जानेवारीत आई साताऱ्याहून आली. एका पहाटे बाथरूममध्ये स्वयंपाकघरातली किटली दिसली. नळाला कोमटच पाणी येतं म्हणून ती रोज किटल्या तापवून जिन्याने वर नेत होती. मला पत्ताच नाही, कारण मी जिममध्ये कढत शॉवर घ्यायचो. विचारलं तर म्हणाली, "अरे, माझं काय, मार्चमध्ये जाईन मी परत. तू कशाला खर्चात पडतोस?"

भगवंत या श्लोकात सांगतात की त्रास होईल या भीतीने कर्तव्य सोडलं, तर तो राजस त्याग. त्याला त्यागाचं फळ मिळत नाही. माझा साधेपणा नेमका हाच होता. मला पैसे आणि कटकट नको होती, आणि त्याला मी वैराग्याचं नाव दिलं होतं.

मग काटकसर वाईट का? मुळीच नाही. फक्त एक विचारायचं: मी जे सोडलं, त्याची झळ कोणाला बसते? मला बसली तर तो कदाचित त्याग असेल. दुसऱ्याला बसली तर ती टाळाटाळच.

इथे गॅसचं काम गॅस सेफ रजिस्टरवर नोंद असलेल्या माणसानेच करायचं असतं. असा माणूस बोलावला. गुरुवारी नवा बॉयलर बसला. बचतीतले बरेच पौंड गेले, हो. पण शुक्रवारी पहाटे किटली ओट्यावरच होती.

आज एवढंच करून बघा: "मला काही नको" असं आपण जिथे म्हणतो, तिथे आपल्या मागे कोणी किटली उचलतंय का?

राम कृष्ण हरी 🙏