लेकरांचे चित्त कोणाच्या हाती?

ज्याच्या हाती चित्त गेले त्याच्या हाती मनुष्य गेला, हा परमार्थातील पहिला धडा होय. धन गेले तर पुन्हा मिळवता येते, पण चित्ताला एकदा धावायची खोड लागली म्हणजे ते ठिकाणावर आणता आणता जन्म सरतो. माळ, एकादशी, हरिपाठ, वारी ही सारी साधने त्या एका चित्तासाठीच संतांनी लावून दिली. हे ध्यानात घेतले म्हणजे लेकरांच्या हातातील मोबाईलचा प्रश्न नुसत्या शिस्तीचा राहत नाही, तो धर्माचा प्रश्न होतो. हल्ली कीर्तन आटोपल्यावर आयाबाया हेच विचारतात, "महाराज, पोरगं मोबाईल खाली ठेवीतच नाही, काय करावं?"

प्रथम एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. यंत्राला शिव्या देऊन भागणार नाही. आमची कीर्तनेही यूट्यूबवर आहेत, आणि पखवाजाचे बोल त्यावरून उचलणारी पोरे आहेत. शिवाय २०२० साली करोनाने शाळा बंद झाल्या तेव्हा 'अभ्यास कर' म्हणून मोबाईल लेकरांच्या हाती आपणच दिला. तेव्हा वस्तू टाकाऊ आहे असे नव्हे. परंतु ती रचली कशी आहे, हे आईबापांनी जाणले पाहिजे.

पोथीचा अध्याय संपतो. कीर्तनाला शेवटी आरती असते. जेवणालाही शेवटचा ताकभात असतो. संपल्याची खूण दिसते म्हणून मनुष्य उठतो. या पडद्यावरून मात्र ती खूणच काढून टाकलेली आहे. बोट वर सरकवावे तो नवे चित्र हजर, त्याखाली आणखी एक. ही न संपणारी रचना २००६ साली एझा रास्किन नावाच्या गृहस्थांनी काढली, आणि पुढे आपल्याच या कृतीबद्दल त्यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला. फेसबुकावर 'लाईक'चा अंगठा २००९ साली आला. या कंपन्यांची मुख्य कमाई जाहिरातींची. माणूस जितका वेळ पाहत राहील तितकी ती अधिक. म्हणजे बाजार भरला आहे, आणि त्यात विकला जाणारा माल म्हणजे आपल्या लेकराचे लक्ष!

बृहदारण्यकात तीन एषणा सांगितल्या आहेत: पुत्रैषणा, वित्तैषणा आणि लोकैषणा. पैकी लोकांनी आपल्याला चांगले म्हणावे ही लोकैषणा भल्या भल्या साधकांना सुटत नाही. तीच आज बारा-तेरा वर्षांच्या पोरीच्या हाती आकड्याच्या रूपाने आली आहे. तिने आपले छायाचित्र टाकावे आणि किती अंगठे पडले ते घटकेघटकेला मोजावे. मैत्रिणीला अधिक पडले की हिचे तोंड उतरावे. वारीत माळकरी एकमेकांच्या पाया पडतात. कोणाला किती नमस्कार मिळाले याची वही कोणी ठेवतो काय? ज्या वयात मनाची घडण व्हायची त्या वयात आपली किंमत दुसऱ्याच्या बोटावर ठरते असे लेकरू शिकले, तर पुढे त्याने देवापुढे तरी निःशंक कसे उभे राहावे?

आता उपाय. बहुतेक घरांत उपाय एकच, तो म्हणजे हिसकावून घेणे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी अशा निग्रहाची परीक्षा करून ठेवली आहे. इंद्रिये आवरून धरली आणि मन विषयातच घोळत राहिले, तर त्याला भगवंत मिथ्याचार म्हणतात. मोबाईल कपाटात, पोरगा पुस्तकापुढे, आणि मन कपाटात! दुसऱ्या अध्यायात तर अधिक खोल सांगितले आहे: उपाशी राहिल्याने विषय दूर होतात, पण आतली गोडी राहते, ती गोडी त्याहून मोठे काही दिसल्यावरच जाते. म्हणजे रसाला रसानेच जिंकावे लागते.

मग नियम नकोतच काय? अवश्य हवेत. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना अशा माध्यमांवर खाते ठेवू देण्यास कायद्याने बंदी झाली. आपल्याकडेही २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास आईबापांची संमती लागेल असे ठरविले आहे. हे कुंपण झाले. कुंपणाने पीक राखले जाते, पण पीक वाढते ते मातीतून. आणि घरची माती म्हणजे वडीलधाऱ्यांचे आचरण.

वारकऱ्याच्या घरी एकादशी कशी असते ते आठवा. लहान लेकराला उपास कोणी लादीत नाही. आजी धरते, आई धरते, बाप धरतो, ते पाहून पोरगंच म्हणतं, "मी पण धरणार." कधी साबुदाण्याच्या लोभाने म्हणतं, म्हणेना का! व्रत त्याच्या अंगी लागते. आपण पोटभर जेवून लेकराला मात्र उपाशी ठेवले, तर ते व्रत न होता शिक्षा होते. मोबाईलच्या बाबतीत नेमके हेच चालले आहे. बाप ताटावर बसून फोन चाळतो आणि पोराला म्हणतो, "ठेव तो मोबाईल!" श्रेष्ठ जसे वागतात तसे इतर वागतात, हे भगवंतांचे सांगणे घरातल्या श्रेष्ठांनाही लागू आहे.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांच्या वडगावने २०२२ साली हे करून दाखविले. १४ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला. मग रोज सायंकाळी सातला भोंगा व्हायचा, आणि साऱ्या गावाने टीव्ही व मोबाईल बंद करावयाचे, ते साडेआठच्या भोंग्यापर्यंत. यातील वर्म असे की भोंगा एकट्या पोरांसाठी नव्हता, सगळ्यांसाठी होता.

प्रत्येक घराला असा आपला भोंगा लावता येईल. सायंकाळी दिवा लागला की तासभर सर्वांचे फोन एका टोपलीत. त्या वेळात हरिपाठ, अभ्यास, गप्पा. ताटावर फोन नाही. रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर, आईबापांचाही. मन अभ्यासाने व वैराग्याने आवरते असे गीतेच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि अभ्यास म्हणजे रोज थोडे थोडे. म्हणून एका दिवसात सारे तोडू नये. रिकाम्या केलेल्या वेळात काही घालावेही लागते. पोराच्या हाती टाळ द्या. टाळ दोन्ही हातांनी वाजतो. तिसरा हात मोबाईलला उरत नाही. टाळ नको असेल तर खो-खो, विहिरीवरचे पोहणे, आजोबांबरोबर शेतावरची फेरी द्या. पण द्या, आणि बरोबर जा.

एक गोष्ट सर्वांत जपा. कोणी अनोळखी फोटो मागतो आहे, किंवा कोणी नाव ठेवून छळतो आहे, असे लेकरू सांगू लागले तर आधी रागावू नका. "तरी सांगत होतो!" या एका वाक्याने त्याचे तोंड कायमचे मिटते, आणि मग ते संकटात एकटे पडते. आधी जवळ घ्या, सगळे ऐका, मग १०९८ या बालकांच्या किंवा १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर मदत मागा. लेकराला विठ्ठल माउली आहे असे आपण शिकवितो. चुकले तरी जिच्याकडे धावावे तीच माउली. तेवढे माउलीपण घरात असले पाहिजे.

बाजार आपले काम करीतच राहणार. त्याच्यापाशी न संपणारे चित्र आहे. आपल्यापाशी न विटणारे नाम आहे आणि जवळ बसलेले माणूस आहे. लेकराने कोणते निवडावे असे वाटते, ते आधी आपण निवडावे. रामकृष्णहरि.