ताप लांबतो तेव्हा

घरातल्या कुणाला ताप आला की दोन दिवसांत उतरेल म्हणून आपण वाट पाहतो. पण कधी कधी तो तीन आठवडे होऊनही उतरत नाही. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, सोनोग्राफी सगळे होते, तरी कारण सापडत नाही. शेवटी डॉक्टर संपूर्ण शरीराचा पेट-सीटी स्कॅन सुचवतात. खर्चाचा आकडा ऐकून घर गप्प होते. आई म्हणते, "माझ्यासाठी एवढा पैसा नको." मुलगा म्हणतो, "आई, पैशाचे तू बघू नकोस." दोघेही प्रेमापोटीच बोलतात. मग बरोबर कोण?

आधी ही तपासणी समजून घेऊ. रुग्णाच्या शिरेतून किंचित किरणोत्सर्गी साखर देतात. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त घेतात, म्हणून त्या चित्रात उजळतात. पण जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही साखर जास्त घेतात. त्यामुळे मणक्यात लपलेला क्षय किंवा हृदयाच्या कृत्रिम झडपेवरचा जंतुसंसर्गही सापडू शकतो. मात्र चित्र जागा दाखवते, रोगाचे नाव सांगत नाही. क्षयाची गाठ आणि कॅन्सरची गाठ सारखीच उजळू शकते. नेमके निदान करायला बहुधा तिथला तुकडा काढून तपासावा लागतो. म्हणजे स्कॅन झाला की सगळे कळले, असे नाही.

पोप बारावे पायस यांनी १९५७ साली डॉक्टरांसमोर बोलताना एक कसोटी दिली होती. जीव आणि आरोग्य जपण्यासाठी साधारण साधने वापरणे हे आपले कर्तव्य आहे. स्वतःवर किंवा दुसऱ्यावर जड ओझे टाकणारी साधने वापरण्याची सक्ती नाही. साधारण काय, हे माणूस, स्थळ आणि काळ पाहून ठरते. तीन लेकरांच्या तरुण आईसाठी जो स्कॅन योग्य, तोच अंथरुणाला खिळलेल्या, पुढचे उपचार न सोसणाऱ्या आजोबांसाठी योग्य असेलच असे नाही.

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावे, "यातून जे कळेल, त्याने उपचार बदलणार आहेत का?" उत्तर 'नाही' असेल, तर स्कॅन न करणे म्हणजे आईला टाकणे नव्हे. उत्तर 'हो' असेल, तर आईजवळ बसून तिच्या 'नको'चा अर्थ विचारावा. तिला खरोखरच नको आहे, की मुलांवर कर्ज होईल या भीतीने ती बोलते आहे?

भीती कर्जाची असेल, तर प्रश्न त्या एका घराचा राहत नाही. ओझे किती जड, हे उचलणारे किती यावरही ठरते. पक्षाघात झालेल्या माणसाला छपरातून येशूपुढे उतरवायला चौघे लागले होते. बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामात आज कुणाच्या घरी ताप लांबला आहे, हे आपल्याला ठाऊक आहे का?