अलास्का : ज्यांना कुणी विचारलं नाही

शांत बसा. श्वास संथ होऊ द्या. आज एका खरेदीखताचं मनन करूया.

३० मार्च १८६७. वॉशिंग्टनमध्ये पहाटेचे चार वाजलेत. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड आणि रशियाचे राजदूत स्टेकल रात्रभर जागून अलास्काच्या विक्रीच्या करारावर सह्या करताहेत. किंमत ७२ लाख डॉलर. मुलूख सुमारे १५ लाख चौरस किलोमीटर. एकरी जेमतेम दोन सेंट.

या आकड्यापाशी थांबा. 'किती स्वस्त!' असं मनात येईल. येऊ द्या. मग हळूच विचारा, विकणाऱ्याच्या हाती नेमकं काय होतं? किनाऱ्यालगतची मोजकी ठाणी, शिकारीने ओसरत चाललेला कातड्यांचा व्यापार, आणि उद्या इंग्रज हे सगळं हिसकावतील ही धास्ती. एवढ्याच्या बळावर रशियाने अख्ख्या मुलखावरचा आपला दावा विकला.

आता मन अलास्कातल्या सिटका गावी, हस्तांतराच्या दिवसाकडे न्या. १८ ऑक्टोबर १८६७. टेकडीवर दोन्ही देशांचे सैनिक उभे आहेत. रशियाचा झेंडा उतरवताना दोरात अडकतो, फाटतो. सोडवायला माणूस वर चढवावा लागतो. मग अमेरिकेचा झेंडा चढतो. तोफा सलामी देतात.

नजर झेंड्यावरून काढून पायाखालच्या टेकडीकडे वळवा. ही टेकडी इथल्या मूळच्या ट्लिंगिट लोकांची. १८०४ मध्ये लढाई करून रशियनांनी ती घेतली होती. करारात रशियन रहिवाशांना मुभा होती : तीन वर्षांत मायदेशी परता किंवा इथेच राहून नागरिक व्हा. मूळच्या जमातींना मात्र 'असंस्कृत' ठरवून त्यातून वगळलं. त्यांच्यासाठी सरकार वेळोवेळी करील तेच कायदे.

इथे रेंगाळा. पिढ्यान्‌पिढ्या ज्या नदीतला सामन मासा आपल्या कुळाने धरला, ती नदी आपल्याला न विचारता विकली गेली, हे कळल्यावर तिथल्या माणसाला काय वाटलं असेल? उत्तराची घाई करू नका. राग आला तर त्याच्याकडे पाहा. सेवर्डला दोष देऊन मोकळं व्हावंसं वाटलं, तर त्या मोकळं होण्याकडेही पाहा.

प्रश्न मिटला नाही. १९७१ मध्ये अमेरिकेने कायदा करून मूळ रहिवाशांना सुमारे ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर दिले. उरलेल्या भूमीवरचे त्यांचे पूर्वापार हक्क मात्र संपवले. ज्यांचे हक्क विक्रीच्या वेळी विचारातच घेतले नव्हते, त्यांच्याशी १०४ वर्षांनी हिशेब करावा लागला.

विकत घेता येतो तो दावा. नातं तिथे राहणाऱ्यांचंच असतं. म्हणून जमिनीचा कुठलाही व्यवहार वाचताना किमतीआधी एवढं विचारायची सवय मनाला लावूया : तिथे कोण राहत होतं, आणि त्यांना कुणी विचारलं होतं का?