सातव्या दिवशी बाहेर गेलेले लोक

शास्त्रपाठ : निर्गम १६:१३-३०



अरण्यात मिळालेल्या मान्नाची गोष्ट आपण शब्बाथ शाळेत लहानपणापासून ऐकत आलो आहोत. देवाने उपाशी लोकांना भाकर दिली, एवढे सांगून बहुधा धडा संपतो. परंतु त्या अध्यायाचा बराच भाग भाकरीविषयी नसून ती गोळा करणाऱ्यांच्या मनाविषयी आहे. माणशी एक ओमर, म्हणजे सुमारे दोन लिटरचे माप, पुरेसे होते. तरी काहींनी सकाळपर्यंत राखून ठेवले आणि त्यात किडे पडले. सहाव्या दिवशी दुप्पट मिळाले, सातव्या दिवशी रानात काही असणार नाही हेही मोशेने सांगितले. तरी काही लोक बाहेर गेलेच. घरी अन्न असताना ते का गेले? आपण तंबूत बसून राहू आणि तेवढ्यात शेजाऱ्याला काही मिळून जाईल, ही धास्ती त्यांना घेऊन गेली असावी असे आम्हांस वाटते.

ही धास्ती आज आपल्या खिशात असते. तिला 'फोमो' म्हणतात. आपण काहीतरी मुकतो आहोत, ही भीती. २००४ साली अमेरिकेत हार्वर्डच्या व्यवसाय-शिक्षण संस्थेतील पॅट्रिक मॅकगिनिस या विद्यार्थ्याने तेथील विद्यार्थ्यांच्या पत्रात हा शब्द छापला. २०१३ साली मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू प्रिझिबिल्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. ज्यांना जिव्हाळ्याची माणसे कमी लाभतात, त्यांच्यात ही भीती अधिक आढळली. हे मंडळीने नीट ध्यानात घ्यावे.

व्हॉट्सॲपवरचे स्टेटस २४ तासांनी नाहीसे होते. ऊन तापले की मान्नाही वितळत असे. पण तो वितळला की लोक आपापल्या कामाला लागत. येथे वितळणार म्हणूनच मध्यरात्री उठून पाहावे लागते.

आमच्या वर्गातील एका मुलीला तरुणांच्या शिबिराला जाता आले नाही. वर्गणी घरी जमली नव्हती. तीन दिवस ती मैत्रिणींची छायाचित्रे पाहत राहिली : पंगतीत बसलेल्या, गीते गाणाऱ्या, एकमेकींच्या गळ्यात हात टाकलेल्या. कोणाचाही दुखविण्याचा हेतू नव्हता. पुढच्या रविवारी ती उपासनेला आली नाही. अशा मुलीला आपण वडीलधारी माणसे चटकन सांगतो, "फोन बाजूला ठेव." पण फोन ठेवल्याने शिबिर थांबत नाही. न दिसणारे शिबिर तर दिसणाऱ्यापेक्षा मोठे होते!

आमच्या दाजीबानपेठेतील कोणत्याही दुकानदाराला हे कळेल. एकट्याने फळ्या लावल्या तर गिऱ्हाईक शेजारी जाते आणि जीव दुकानातच अडकतो. सगळी पेठ बंद असली म्हणजे तोच मनुष्य निवांत जेवतो. आमोसाच्या काळचे व्यापारी शब्बाथ केव्हा संपेल आणि धान्याची कोठारे केव्हा उघडतील म्हणून तळमळत होते (आमोस ८:५). म्हणूनच शब्बाथाची आज्ञा एकट्यादुकट्याला दिलेली नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, वेशीच्या आतला परका, एवढेच काय गुरेढोरेही त्यात आहेत (निर्गम २०:१०). सर्वांनी मिळून थांबावयाचे, म्हणजे कोणी मुकत नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये असेच काही आरंभिले. संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरी मोबाईल व दूरदर्शन संच बंद ठेवावयाचे असे ठरले. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी बोलावे. एका घराला जे जड गेले असते, ते गावाला जमले. आपल्या मंडळीतील पाचसहा कुटुंबांनी मिळून संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ अशी राखली, तर भोंग्याची गरज नाही.

पण न आलेल्याचे काय? पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी प्रभू आला तेव्हा थोमा तेथे नव्हता (योहान २०:२४). सर्वांत मोठी गोष्ट त्याची हुकली, आणि बाकीचे ती आनंदाने सांगत होते. थोमाच्या हट्टावर पुष्कळ प्रवचने झाली आहेत. त्याच्या दुःखावर फारशी ऐकली नाहीत. तरीही आठ दिवसांनी तो त्यांच्यातच होता, हे विशेष. त्यांनी त्याला दूर केले नव्हते, आणि प्रभू पुन्हा आला तो त्याच्यासाठी.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस आमची विनंती आहे : सहलीची छायाचित्रे लावण्याअगोदर हजेरीपट पाहावा, आणि जे आले नाहीत त्यांच्या घरी आधी जाऊन यावे. वर्गणी कोणाची अडली आहे, हे शिबिराच्या आधी गुपचूप विचारणारा एक तरी वडील मंडळीत असावा. त्या मुलीकडे पुढे तिच्या दोन मैत्रिणी गेल्या. शिबिरात शिकलेली गीते त्यांनी तिला शिकविली, आणि दिवे लागेपर्यंत तिघी ओट्यावर गात बसल्या होत्या.