सेवेचा अधिकार

तैत्तिरीयोपनिषदाच्या शीक्षावल्लीत विद्याध्ययन पुरे केलेल्या शिष्याला आचार्य मातापित्यांना देव मानण्याचा जो उपदेश करतात, तो आपल्याकडे इतका खोल रुजला आहे, आणि पुंडलिकाने साक्षात विठ्ठलाला विटेवर तिष्ठत ठेवल्याच्या कथेने तो इतका हृद्य झाला आहे, की वृद्धांच्या शुश्रूषेसाठी पगारी माणूस नेमणे म्हणजे आपला धर्म परक्याच्या हवाली करणे, अशी टोचणी सुशिक्षित घरांतही लागून राहते. ही टोचणी मला पवित्र वाटते; परंतु तिच्या पोटी जो हट्ट जन्मतो, तो धर्म्य आहे असे मी कबूल करणार नाही.

वाल्मीकींच्या अयोध्याकांडात दशरथाचा बाण लागलेला मुनिकुमार, ज्याला आपण श्रावण म्हणून ओळखतो, स्वतःच्या मरणापेक्षा आपल्यामागे अंध मातापित्यांचे कसे होईल याच चिंतेने विव्हळतो. सेवेचा सारा भार एकाच खांद्यावर असला म्हणजे काय ओढवते, हे त्या आक्रोशात आहे. आणि कावडीचे गुणगान करताना आपल्याकडून नेमके तेवढेच सांगायचे राहून जाते. उलट महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात, युधिष्ठिराच्या आश्रयाने पंधरा वर्षे काढून वनात गेलेल्या धृतराष्ट्राला खाचखळग्यांतून हात धरून नेतो तो संजय, म्हणजे सूत, पुत्र नव्हे. आणि तो पुत्र नव्हता म्हणून त्या सेवेला कोणी उणे मानलेले नाही.

मदत केव्हा आणावी, हे शरीर स्वतःच सांगत असते. गोळ्यांच्या पाकिटात सकाळचा डोस तसाच राहावा, रोजचा देवळाचा रस्ता चुकावा, चहाच्या प्रत्येक घोटाला ठसका लागावा. किंवा माकडहाडापाशी त्वचा लाल दिसावी आणि बोटाने दाबूनही ती लाली जाऊ नये. ही शय्याव्रणाची सुरुवात होय, आणि ते टाळायचे तर रोग्याची कूस साधारण दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, पालटावी लागते. दिवसभर कचेरी आणि चूल सांभाळलेली सून हे किती रात्री करील? पुण्य मुलाच्या खाती आणि जागरणे सुनेच्या, असा हिशेब ज्या घरात चालतो, तेथे वृद्ध पित्याचा देह मुलाच्या पुण्यसंचयाचे साधन झालेला असतो, याहून कठोर शब्द मला सुचत नाही.

शिवाय ज्याची सेवा करायची त्याची इच्छा कोणी विचारतो काय? ओली झालेली चादर मुलाच्या नजरेस पडू नये म्हणून पलंगाखाली सारणारी आई, अंग पुसायला येणाऱ्या मावशींना मात्र ती गोष्ट मोकळेपणी सांगते, कारण मुलापुढे तिला आई म्हणूनच राहायचे असते. मावशींनी वेणी घालून दिल्यावर मुलाने उशापाशी बसावे, जेवण किती गेले ते विचारावे, औषधे स्वतः मोजावीत. आणि मावशींनाही थकवा आहे, त्यांचेही घर आहे, हे ध्यानी धरून त्यांच्या रजेच्या दिवसाची तजवीज आधीच करून ठेवावी.