सोळावी पिशवी

आईची विरलेली सुती साडी फाडून मी पिशव्या शिवल्या. भाजीला, पोळ्यांना, डाळ-तांदळाला. पंधरा झाल्या आणि साडी संपली. हौस संपली नव्हती, म्हणून दोन मीटर नवं कापड आणलं.

मग एक हिशेब वाचनात आला. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये मांडलेला. दुकानातल्या प्लॅस्टिक पिशवीपेक्षा नव्या सुती पिशवीची झळ कमी ठरायला, फक्त हवामानाचा विचार केला तरी ती ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, ओझोन असं सगळं धरलं तर ७,१०० वेळा. आठवड्यातून दोनदा बाजार, म्हणजे ६८ वर्षं! माझ्या पिशव्या लहान, आकडा तंतोतंत लागू होणार नाही. प्रश्न मात्र होतो.

आजीकडे एकच पिशवी होती. फाटली की ठिगळ. पर्यावरण हा शब्द तिने कधी उच्चारला नाही. हेतू माझा चांगला, हिशेब तिचा. मग चांगलं कोण वागलं?

मला वाटतं, नुसता हेतू पुरत नाही. पण तो फुकटही जात नाही, आकडे तपासायला तोच लावतो. शिवण्याचा आनंद माझा आहे. तो पृथ्वीवरचे उपकार म्हणून मांडू नये, एवढंच.

नवं कापड घडी घालून ठेवलंय. पहिली पिशवी उसवली की ठिगळ लावणार आहे.