दाराबाहेरचा विठ्ठल

माउली, तुकोबांची पालखी इंदापूरहून सराटीला जाताना आमच्या बावड्यात विसावते. गुडघे थकले, आता माझे दर्शन तिथेच. एक सल आहे, तुमच्यापाशीच बोलतो. चोखोबांचे चरित्र मी कीर्तनात चाळीस वर्षे सांगितले, श्रोते रडायचे. पण त्यांच्या बांधवांना राउळात जाता यावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले, हे एकदाही सांगितले नाही. पुढच्या सप्ताहाचे बोलावणे चुकेल, एवढाच दळभद्री हिशेब! मग विठ्ठल तोवर कुठे होता, दाराआड की बाहेर चोखोबांपाशी? गळ्यातली माळ आहे, एकादशीही आहे. मात्र देव कुठे भेटतो, हे आता कुणा यजमानाला विचारीत नाही. पहाटे ओट्यावर नाम घेतो. येईल तो शेजारी बसतो. मी जात विचारीत नाही, पूर्वी विचारायचो.